रात्रपाळीनंतरचं स्टूल

काउंटरला बसणार असाल तर डावीकडून तिसरं किंवा चौथं स्टूल धरा. तिथून तवा नीट दिसतो, आणि या डायनरमध्ये, म्हणजे साध्या अमेरिकन खाण्याच्या हॉटेलात, बघण्यासारखं जे काही आहे ते त्या तव्यावरच घडतं. बूथही (समोरासमोर बाकं असलेली टेबलं) चांगले आहेत. गाद्या मऊ, खिडकीतून सकाळचं ऊन आत येतं, मुलं बरोबर असली तर बूथच सोयीचे. पण एकटे गेलात तर काउंटर.

मी एकटीच जाते, २००६ पासून. जागा मध्य न्यू जर्सीत, एडिसनहून गाडीनं पंधरा मिनिटांवर. नाव देत नाही, कारण मालकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, खाण्याबद्दल हवं ते लिही, फक्त नाव नको. तो शब्द पाळते. तसंही पुढं जे सांगणार आहे त्यातलं पुष्कळसं या राज्यातल्या कुठल्याही जुन्या डायनरला लागू होईल, आणि इथं डायनर इतके आहेत की न्यू जर्सीला जगाची डायनर राजधानी म्हणतात.

मी हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत रात्रपाळीला असते, अकरा ते सात. २००६ च्या जानेवारीतली एक रात्र. अपघाताचा एक पेशंट आला होता आणि आम्ही दोघी जणी मध्यरात्रीपासून त्याच्यासाठी रक्ताच्या पिशव्या जुळवून वर पाठवत होतो. पाचच्या सुमारास वरून फोन आला, आता पाठवू नका. आवाजावरूनच कळलं. सातला सुटले. नवरा न्यूयॉर्कच्या ट्रेनमध्ये, मुलगी शाळेत. रिकाम्या घरात जाऊन, पडदे ओढून झोपणं त्या सकाळी जमणार नव्हतं. रस्त्यात या डायनरची पाटी रोज दिसायची, त्या दिवशी गाडी आत वळवली.

तोवर मी हॉटेलात एकटी कधीच जेवले नव्हते. चौतीस वर्षांची होते. दाराशी कुणीतरी "किती जणं?" विचारेल आणि आपल्याला "एकच" म्हणावं लागेल, याचंच दडपण होतं. कुणी विचारलं नाही. काउंटरमागच्या बाई हातातलं काम न सोडता "बस कुठंही, हनी" म्हणाल्या. मी स्टुलावर टेकेपर्यंत समोर जाडजूड पांढरा कप आला आणि कोट काढेपर्यंत त्यात कॉफी. मग गळ्यातलं हॉस्पिटलचं कार्ड बघून त्यांनी विचारलं, "लाँग नाइट?" मी हो म्हटलं. पुढं एक शब्द नाही. मी तासभर तव्याकडं बघत बसले. कप तीनदा भरला गेला. बिल उलटं करून बशीपाशी ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "घाई नाही काही."

त्या दिवशी काय खाल्लं ते आठवतं: दोन अंडी, होम फ्राइज (तव्यावर खरपूस परतलेले बटाटे), राय ब्रेडचा टोस्ट. बिल सहा डॉलरच्या आत होतं. पण मी तिथं पुन्हा गेले ती "लाँग नाइट?" या दोन शब्दांसाठी.

पुढं डायनरांबद्दल वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट कळली आणि मला फार बरं वाटलं. ही जागा मुळात आमच्यासारख्यांसाठीच निघाली होती. १८७२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाचा एक माणूस घोडागाडीत खाणं भरून 'प्रॉव्हिडन्स जर्नल' या वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर उभा राहू लागला. गावातली हॉटेलं संध्याकाळी लवकर बंद व्हायची आणि छापखान्यातल्या रात्रपाळीच्या कामगारांना खायला काही मिळायचं नाही. तो गाडीच्या खिडकीतून सँडविच, उकडलेली अंडी, 'पाय' (पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि कॉफी द्यायचा. गिऱ्हाईक बाहेर उभं, थंडीपावसात. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात सॅम्युअल जोन्स यानं १८८७ मध्ये एवढी मोठी गाडी आणली की गिऱ्हाइकाला आत येऊन उभं राहता येईल. पाऊस लागू नये, एवढीच सोय. पुढं त्या गाडीत स्टुलं आली, काउंटर आला, चाकं गेली, आणि रेल्वेच्या डायनिंग कारच्या ऐटीवरून डायनर हे नाव आलं. लोकांना वाटतं, डायनर म्हणजे रेल्वेचा जुना डबा. काही ठिकाणी घोड्यांच्या जुन्या ट्रामगाड्या वापरल्या गेल्या हे खरं, पण बहुतेक डायनर हे डायनर म्हणूनच कारखान्यात बांधले जायचे आणि तयार इमारत उचलून जागेवर आणून ठेवायचे. म्हणून ते असे लांबट आणि अरुंद. रस्त्यावरून किंवा रुळांवरून नेता आलं पाहिजे, हे माप त्यांच्या अंगात आहे.

त्या अरुंदपणामुळंच स्वयंपाकी आणि जेवणारा यांच्यात दोन हातांचं अंतर राहतं. मला वाटतं डायनरचं सगळं मर्म या मापात आहे. समोर माणूस तुमच्यासाठी अंडं फोडतोय, तुम्ही ते बघताय, दोघांनाही बोलायची सक्ती नाही. एकट्या माणसाला बघायला काहीतरी हवं असतं.

तर आता तवा. सकाळपाळीचा कूक पन्नाशीचा आहे, ओहाका या मेक्सिकोतल्या भागातून आलेला. सकाळी आठ वाजता त्याच्यासमोर एका वेळी दहा-बारा ऑर्डरी चालू असतात आणि एकही कागद तो दोनदा वाचत नाही. तव्याचे त्यानं मनातल्या मनात भाग पाडलेत: उजवीकडं मागे बटाट्यांचा ढीग, मंद आचेवर, मध्ये पॅनकेक, डावीकडं, सर्वांत तापलेल्या भागात, अंडी. बेकन अगदी उजव्या टोकाला, वर लोखंडी वजन ठेवून, म्हणजे वाकडं होत नाही. होम फ्राइजसाठी बटाटे आदल्या दिवशी उकडून गार केलेले असतात. ते फोडी करून कांदा आणि पाप्रिकाबरोबर ढिगात पडून राहतात आणि ऑर्डर आली की तेवढाच भाग पुढं ओढून, पसरून, दाबून त्याला खरपूस पापुद्रा आणला जातो. बटाटा उकडून गार झालेला असतो म्हणूनच तो पापुद्रा धरतो. ज्यांच्या घरी बटाट्याच्या काचऱ्या तळाला चिकटतात त्यांनी हे एकदा बघून यावं.

अंडी "ओव्हर ईझी" मागा. पांढरं शिजलेलं, पिवळं वाहतं, एकदाच उलटलेलं. हा कूक उलथनं वापरत नाही, छोट्या पॅनला मनगटाचा हिसका देतो आणि अंडं हवेत उलटून परत पडतं. इतक्या वर्षांत मी त्याचं अंडं फुटलेलं दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते बाजूला सारून त्यानं नवं केलं. काउंटरवाल्या बाई राय टोस्ट सांगताना अजून "व्हिस्की डाउन" म्हणतात, कारण राय हे धान्य व्हिस्कीचंही. एखादा पदार्थ संपला की "एटी सिक्स". या बोलीतले खूप शब्द आता गेले, पण आमच्याकडं हे दोन रोज कानावर पडतात.

मालक ग्रीक आहेत, तरुणपणी एका बेटावरून आलेले. न्यूयॉर्क, न्यू जर्सीतले कितीतरी डायनर ग्रीक कुटुंबांनी चालवले, आणि ते मेनूवर दिसतं. पालक आणि फेटा चीजचं ऑमलेट इथं अमेरिकन चीजच्या ऑमलेटपेक्षा सरस आहे; फेटा खारट असतं, म्हणून वर मीठ घेऊ नका. राइस पुडिंग मागितलंच पाहिजे. ती आपली तांदळाची खीरच, फक्त घट्ट, गार, वर वेलदोड्याऐवजी दालचिनी. दूध आटवायला वेळ दिला आहे हे पहिल्या चमच्यात कळतं. काचेच्या कपाटातला लेमन मेरँग पाय दिसतो उंच आणि देखणा, पण दुपारनंतर त्याच्या वरच्या, अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसाला पाणी सुटतं. सकाळीच खा.

शाकाहारी लोकांना चार गोष्टी स्पष्ट सांगते, कारण मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. तवा एकच असतो. ज्यावर तुमचा पॅनकेक होतो त्यावरच दोन हातांवर बेकन असतं. मी कूकला सांगते, तो माझ्यासाठी वेगळा पॅन घेतो, कधी कपाळाला आठी नाही. व्हेजिटेबल सूपचा रस्सा बऱ्याचदा कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या स्टॉकचा असतो. बेक्ड बीन्समध्ये डुकराचं मांस असू शकतं, पायच्या कवचात चरबी. विचारा. विचारलेलं इथं कुणाला खटकत नाही. ग्रिल्ड चीज सँडविचही त्याच तव्यावर होतं, तेही वेगळ्या पॅनमध्ये करून मागा; आणि कोलस्लॉ, म्हणजे कोबीची कोशिंबीर, बहुधा मेयोनेझमधली असते, त्यात अंडं असतं.

जे मागवू नये तेही सांगते. मेनू चौदा पानांचा आहे, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, आणि पहिल्या पाच पानांच्या पुढं जाऊ नका. मागची पानं, म्हणजे कोळंबी, स्टेक, पास्ता, ही डायनरची कामं नव्हेत. एकदा मी रात्री पास्ता मागवला, तो मऊ पडला होता आणि सॉस गोड होता. कॉफी पातळ आहे. कडक कॉफीची सवय असलेल्यांची निराशा होईल. पण ती पातळ आहे म्हणूनच तासभर पिता येते, हे मला इतक्या वर्षांनी पटलं आहे.

२०११ मध्ये आई आली होती, उन्हाळ्यात, तीन महिने. तिला मी इथं आणलं. तिला कॉफी चालत नाही, म्हणून नुसतं गरम पाणी मागितलं. काउंटरवाल्या बाईंनी ते लिंबाची फोड लावून दिलं, आणि चार दिवसांनी परत गेलो तर न सांगता तेच समोर आलं. आई बराच वेळ तव्याकडं बघत होती. मग मला म्हणाली, "अगं, तू इथं एकटी येतेस?"

"हो, आई."

"कुणी काही म्हणत नाही?"

"नाही गं."

ती गप्प झाली. जरा वेळानं म्हणाली, "बरं आहे." माझे वडील गेल्यावर पुढची तेवीस वर्षं आईनं एकटीनं काढली होती, आणि त्यातल्या एकाही दिवशी ती बाहेर कुठं एकटी बसून चहा प्यायली असेल असं मला वाटत नाही.

डायनरमध्येही बायकांना जागा सुरुवातीपासून नव्हती. ती पुरुषांची, कामगारांची जागा होती. १९२० च्या दशकात मालकांनी बायकांना ओढण्यासाठी बूथ बसवले आणि दारावर "लेडीज इन्व्हायटेड" अशा पाट्या लावल्या. आज मी बूथ सोडून काउंटरला बसते तेव्हा ती पाटी माझ्या मनात असते. आणि प्रॉव्हिडन्सची हेवन ब्रदर्स ही खाण्याची गाडी, जी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरू झाली, ती सुरू केली होती अ‍ॅन हेवन या विधवा बाईनं. नावात भाऊ आहेत, सुरुवात तिची आहे. हे मी माझ्या मुलीला मुद्दाम सांगितलं.

दुसरी गोष्टही तिला सांगितली, ती मात्र बघायला घेऊन गेले. वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात नॉर्थ कॅरोलायनामधल्या ग्रीन्सबरो गावातल्या वूलवर्थ दुकानाच्या लंच काउंटरचा एक तुकडा ठेवला आहे, चार स्टुलांसकट. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या काउंटरला बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्यांना ती दिली नाही, कारण ती जागा फक्त गोऱ्यांसाठी होती. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले. जुलैमध्ये त्या काउंटरला सर्वांना वाढायला लागले. तो काही डायनर नव्हता, दुकानातला काउंटर होता, पण स्टूल तेच, कप तोच. मला आल्या आल्या जी कॉफी न मागता मिळाली, ती मागण्यासाठी त्या मुलांना जीव मुठीत धरून बसावं लागलं. डायनरबद्दल लिहिताना लोक जुन्या सोनेरी दिवसांबद्दल खूप लिहितात. ते दिवस सगळ्यांचे नव्हते. "बस कुठंही" हे वाक्य या देशात सहज आलेलं नाही, म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटते.

चकचकीत स्टीलबद्दल थोडं. आमचा डायनर १९५० च्या दशकातला आहे, बाहेरून स्टेनलेस स्टीलचे पत्रे, आत फॉरमायकाचा काउंटर, ज्यावर कोपरं टेकून टेकून नक्षी पुसली गेली आहे. तो सुंदर आहेच. पण रूप बघायचं असेल तर ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावचा मॉडर्न डायनर बघा. पुढून आगगाडीच्या इंजिनासारखा निमुळता, स्टर्लिंग स्ट्रीमलायनर जातीचा. १९७८ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेलेला तो पहिला डायनर. किंवा आमच्याच राज्यात, समिट स्टेशनसमोरचा समिट डायनर, एलिझाबेथ गावच्या ओमाहोनी कंपनीनं बांधलेला, आत लाकूड आणि रेल्वेच्या डब्यासारखं गोल छत. दोन्ही ठिकाणी मी मुद्दाम गेले आणि दोन्ही ठिकाणी जीव रमला. मात्र हल्ली मॉलमध्ये लाल रेक्झिन, निऑन दिवे आणि भिंतीवर जुन्या नटनट्यांचे फोटो लावून जे नवे "रेट्रो" डायनर निघतात, तिथं मला हे मिळालं नाही. तिथं टेबल रिकामं व्हायची वाट बघणारा माणूस दाराशी उभा असतो आणि तव्यापुढं भिंत असते. पत्रा आणून लावता येतो. गिऱ्हाइकाला बसू देणं हा मालकाचा रोजचा निर्णय असतो, आणि त्यात त्याचे पैसे जातात.

ते किती जातात हे मी मालकांकडूनच ऐकलं आहे. मी पाचपैकी चार तारे देते आहे, आणि पाचवा कशासाठी ठेवला ते सांगते. हा डायनर पूर्वी चोवीस तास उघडा असायचा. दाराला कुलूप नव्हतं, लागलंच नव्हतं कधी. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा कुलूप बाहेरून विकत आणावं लागलं. त्या काळात ते हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी आम्हाला डबे पाठवत होते, राइस पुडिंगसकट, हे मी विसरणार नाही. पुन्हा उघडलं ते सकाळी सहा ते रात्री नऊ. रात्रपाळीला माणसं मिळत नाहीत, अंडी महागली, रात्री दोन वाजता चार गिऱ्हाइकांसाठी तवा तापवणं परवडत नाही. या राज्यातल्या अनेक डायनरांची तीच कथा आहे. मला हिशेब कळतो. पण पहाटे तीनला शिफ्ट संपणारा वॉर्डबॉय, टॅक्सीवाला, बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, ज्यांच्यासाठी त्या घोडागाडीपासून हे सगळं सुरू झालं, ते आता पेट्रोल पंपावरचं सँडविच गाडीत बसून खातात. मी मालकांना म्हटलं, निदान शुक्रवार-शनिवार रात्र तरी. ते म्हणाले, बघू. दोन वर्षं झाली.

पैशांचं: दोन अंडी, होम फ्राइज, टोस्ट आणि हवी तितकी कॉफी आता साडेतेरा डॉलर. टिप किमान वीस टक्के ठेवा आणि कॉफीवर तासभर बसलात तर त्याहून जास्त. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं टिप मिळवणाऱ्या कामगारांचं किमान मूळ वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर ठेवलं आहे. न्यू जर्सीत ते यापेक्षा जास्त आहे, पण घर चालतं ते टिपांवरच. शक्यतो रोख द्या. गाडी मागच्या बाजूला लावा, पुढची जागा सकाळी ट्रकवाल्यांना लागते.

माझी पाळी हल्ली कधीकधी साडेपाचलाच संपते. मग मी गाडी मागे लावून दार उघडायची वाट बघते. त्या पहिल्या बाई २०१७ मध्ये निवृत्त झाल्या. आता जी मुलगी आहे ती सहाला पाच कमी असताना मला खिडकीतून बघते आणि पाटी उलटायच्या आधीच कडी काढते. दिवे अर्धेच लागलेले असतात. बटाटे नुकतेच तव्यावर पडलेले असतात, त्यांना पापुद्रा धरायला साडेसहा वाजतात, म्हणून तोवर नुसती कॉफी घ्या.